बटण लावणे, बटण दाबणे

'बटण' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे (अगदी अंगावरच!) की तो बाहेरून आला आहे हे लक्षातही येत नाही.

पूर्वी आपल्याकडे कपडे बांधायचे. बाराबंदी हे नावच मुळी तिच्या बंदांवरून पडले. बंदांच्या जोडीला कापडाची गुंडी होती. मग बटण आले. गोव्याच्या कोकणीत त्याला बुतांव म्हणतात, ते पोर्तुगीजांकडून. आपले बटण इंग्रजीतून. दोन्हींचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत, आणि तिथे त्या शब्दाचा एक अर्थ आहे कळी! त्यामागचे क्रियापद ढकलणे, रेटणे या अर्थाचे. कळी फांदीतून बाहेर रेटली जाते ना, म्हणून.

आणि बटण ज्यात अडकते ते काज? ते आपल्या कामकाजातले काज नव्हे. पोर्तुगीजात 'कासा' म्हणजे घर, आणि बटणाच्या भोकालाही कासाच म्हणतात. त्याचे आपण काज केले.

सदऱ्याचे बटण आपण लावतो, भिंतीवरचे दाबतो. या दुसऱ्या बटणाशी आमच्या भागाचा जवळचा संबंध आहे. खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, कर्जत तालुक्यात भिवपुरीचे 1922 साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली आणायचे, त्यावर वीज करायची आणि तारांवरून मुंबईला न्यायची. ही वीज मुख्यतः तिथल्या गिरण्यांसाठी होती. मुंबईत बटण दाबले जाई, त्यामागे आमच्या डोंगरातले पाणी असे.

डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर मात्र पुढे कितीतरी वर्षे रॉकेलची चिमणीच होती. अशा वाड्यांवरची मुले माझ्या वर्गात असत. 'बटण' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा म्हटले, की सगळी वाक्ये सदऱ्याच्या बटणाची. कुणाचे तुटलेले, कुणाचे हरवलेले, कुणाचे आईने शिवून दिलेले. भिंतीवरचे बटण एकाच्याही वहीत नसे. ज्यांच्या उशाशी वीज तयार होत होती, त्यांच्या भाषेत हा अर्थ सर्वांत शेवटी पोहोचला. शब्दकोशात अर्थ एकाखाली एक छापलेले असतात, पण ते कुणाच्या घरी कधी पोहोचले हे कोश सांगत नाही.

तिसरे बटण मतदान यंत्राचे. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रे आली आणि 'शिक्का मारा' म्हणणारे 'बटण दाबा' म्हणू लागले. 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' यालाही बटण मिळाले. हे बटण मात्र सर्वांना सारखे. मुंबईच्या मंत्र्याला जे, तेच वाडीवरच्या आजीला. शब्दाचा मूळ अर्थ रेटणे, तो इथे शोभतो. आपले म्हणणे रेटायला एवढेच तर एक साधन आहे!

असो. भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागला की नाही ते लगेच कळते. या बटणाचे कळायला पाच वर्षे जातात.