चोवीस पुड्यांचा डिसेंबर

डिसेंबर उजाडला की आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांमध्ये मुलांचा एकच धोशा सुरू होतो : नाताळला किती दिवस उरले? चर्चच्या भाषेत या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं दिसू लागतात. घरोघरी गोठ्यासाठी पेंढा आणि कंदिलासाठी कामट्या यांची जमवाजमव चालते. मोठ्या माणसांचे दिवस या कामात भुर्रकन जातात. मुलांना मात्र नुसती वाट पाहायची असते, आणि ते त्यांना जमत नाही. मग त्यांच्यासाठी दिवस मोजण्याच्या युक्त्या निघतात. या युक्त्यांना इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे.

जर्मनीतल्या हँबुर्ग शहराजवळ योहान हिन्रिश विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३३ साली गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. नाताळ जवळ आला की मुलं त्यालाही हाच प्रश्न विचारून भंडावून सोडत, असं सांगतात. १८३९ साली त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर वारांसाठी लहान लाल. रोज एक मेणबत्ती जास्त पेटवायची. मुलांचा प्रश्न मिटला आणि वर आकडेमोडही शिकून झाली. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावलेलं जे हिरवं कडं आपण पाहतो, ते या चाकाचंच वंशज.

त्याच शतकात जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांत दारावर खडूने चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक रेघ पुसत. कॅथलिक घरांत रिकाम्या गव्हाणीत रोज एक काडी ठेवायची पद्धत होती. नाताळपर्यंत बाळ येशूसाठी पेंढ्याचं अंथरूण तयार! मोडकं चाक, खडू, पेंढ्याची काडी. यातलं काही विकत आणायला लागत नव्हतं, एवढं लक्षात असू द्या.

विकत घ्यायचं कॅलेंडर आलं ते गेऱ्हार्ड लांग याच्यामुळे. तो लहान असताना त्याच्या आईने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चोवीस छोट्या मिठाया लावून त्याला दिल्या होत्या. रोज एक खायची. मोठेपणी तो म्युनिकच्या एका छापखान्यात भागीदार झाला, तेव्हा त्याला आईचा तो पुठ्ठा आठवला. १९०८ साली त्याने चोवीस चित्रांचं कॅलेंडर छापलं. रोज एक चित्र कापायचं आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचं. पुढे चित्रांवर उघडणारी छोटी दारं आली, नंतर दारांमागे चॉकलेटं आली. खरा आगमनकाळ कधी २७ नोव्हेंबरला सुरू होतो तर कधी थेट ३ डिसेंबरला. छापील कॅलेंडराने मात्र १ डिसेंबर ठरवून टाकला. त्यामुळे तोच नमुना दरवर्षी विकता येतो. धंद्याचं गणित, दुसरं काय!

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत कागद मिळेनासा झाला आणि अशी कॅलेंडरं थांबली. नाझी पक्षाने स्वतःचं एक काढलं, पण त्यातून ख्रिस्तजन्मच गाळला होता. युद्ध संपल्यावर १९४६ साली रिखार्ड झेलमर याने उद्ध्वस्त श्टुटगार्टमध्ये दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळवून पुन्हा कॅलेंडर छापलं. त्यावर चित्र होतं एका छोट्या, धडधाकट शहराचं. भोवती पडक्या भिंती असताना लोकांनी त्या शहराच्या खिडक्या रोज एक-एक करून उघडल्या असतील, हे मनात आणून बघा.

आता ठोकळ्यांकडे वळू. डेन्मार्कच्या बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. तीच लेगो कंपनी. १९४९ साली तिने एका इंग्रजी खेळण्यावरून प्लॅस्टिकच्या विटा काढल्या, आणि आज आपण पाहतो त्या घट्ट बसणाऱ्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं. त्या साली बनलेली वीट आजच्या विटेत बसते. १९९८ साली या कंपनीने नाताळचं पहिलं ठोकळ्यांचं कॅलेंडर बाजारात आणलं. आमच्या नातवंडांनी ते कुठेतरी पाहिलं आणि हट्ट धरला. मी किंमत विचारली आणि पुढे काही विचारलं नाही.

आम्ही बोळिंजला राहतो. विरारहून आगाशी-नंदाखालकडे जाताना लागणारं हे गाव एकेकाळी शेतीवाडीचं होतं. आता म्हाडाच्या उंच इमारतींमुळे लोकांना ठाऊक असतं. विटांशी या भागाचं नातं मात्र जुनं आहे. जवळच्या सोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणतात तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी विटांचा स्तूप खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याची डबी, आणि डबीत डबी असं करत शेवटी सोन्याची. रोज एक दार उघडण्यातली उत्सुकता काय असते, ते भगवानलालांना त्या एका दिवसात कळलं असेल.

तर आम्ही काय केलं? घरात दोन पिढ्यांचे ठोकळे एका पिशवीत पडून होते. नाना कंपन्यांचे, काही रंग उडालेले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलं झोपल्यावर मी आणि सुनेने मिळून त्यांचा गोठा बांधला. मग तो वरून मोडत आलो. छप्पर उतरलं ते तेविसाव्या पुडीत, जमीन निघाली ती पहिल्या पुडीत. प्रत्येक पुडीत पाच ठोकळे. वाण्याकडे बांधतात तशा वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या. आकडे घेतले गेल्या वर्षीच्या कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानावरून कापून. सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पुड्या अडकवल्या. चोविसाव्या पुडीत एकच पांढरा ठोकळा होता, त्यावर पेनाने काढलेले दोन डोळे. हा बाळ येशू. खर्च शून्य. पेंढा तेवढा नंदाखालच्या ओळखीच्या घरून मागून आणला, कारण बोळिंजच्या इमारतींत तो कुठून मिळणार?

उलटं मोडून सुलटं बांधायचं, हे यातलं मर्म. खडूच्या रेघेत रोज एक दिवस कमी होतो. आमच्या गोठ्यात रोज एक थर वाढत होता. मला हे दुसरं जास्त आवडतं. आपल्याकडचा हादगा आठवा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच वाढत जायच्या. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. दिवस संपत आले असं मुलींना तिथे वाटतच नाही, हातात काहीतरी साठत जातं.

आमच्या मजल्यावरची एक सात वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पुडी उघडायला यायची. घर रत्नागिरीकडचं, नाताळशी संबंध फक्त केकपुरता. तिचे वडील जहाजावर असतात. चोवीस तारखेला बाळ गव्हाणीत ठेवून झाल्यावर बाकीची मुलं खायला पळाली. ही तिथेच उभी. म्हणाली, "आजी, बाबा अकरा जानेवारीला येणार. पिशवीत अजून ठोकळे उरलेत ना?"

बोटं मोडून हिशेब केला. पंचवीस डिसेंबर ते अकरा जानेवारी, अठरा दिवस. काय बांधायचं, ते तिनेच ठरवलं : बंदर. जानेवारीचे आकडे नव्या कालनिर्णयातून कापायला तिच्या आईने साफ नकार दिला, म्हणून तेही जुन्यातूनच घेतले. सतरा पुड्या माझ्यासमोर बांधल्या. अठरावी तिने घरी नेऊन बांधली. आत काय ठेवलं, ते मला सांगितलं नाही.