एकट्याचा व्यवसाय आणि प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर

प्रकल्प व्यवस्थापनाची बहुतेक सॉफ्टवेअर अनेकांच्या चमूसाठी घडवलेली असतात. कामाची वाटणी, परवानग्या, अहवाल ही त्यांची मुख्य अंगे. एकट्या अनुवादकाला किंवा ग्राफिक डिझायनरला ती क्वचितच लागतात. त्याची अडचण निराळी असते: एकाच वेळी हाती घेतलेली अनेक कामे आणि त्यामुळे हुकणाऱ्या मुदती. जपानमधील टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी रुजवलेली ‘कानबान’ पद्धत येथे उपयोगी पडते. ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ अशा स्तंभांत कामे मांडायची व ‘चालू’ स्तंभातील संख्येला मर्यादा घालायची. हे साध्या वहीतही जमते. २०११ मध्ये आलेले ट्रेलो याच मांडणीचे असून त्याची विनामूल्य आवृत्ती एकट्याला बहुधा पुरते.

सशुल्क योजना घेताना किमान सदस्यसंख्येची अट तपासावी. काही ठिकाणी एकट्यालाही तिघांचे शुल्क भरावे लागते. परदेशी सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडून तो पुरवठादार घेतो, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्ज पद्धतीने स्वतः भरावा लागतो. आपली सर्व माहिती सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढता येते का, हे मात्र पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. सेवा बंद झाल्यावर ग्राहकांच्या नोंदी परत मिळतीलच असे नाही.