लिनक्स लॅपटॉपवरील वीजबचतीचे दोषनिवारण

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी अपेक्षेपूर्वी संपणे, झाकण मिटल्यावरही यंत्र तापत राहणे, किंवा वीजबचत सुरू होताच वायफाय व माऊस अडखळणे अशा तक्रारींचे कारण शोधून ते दूर करण्याच्या प्रक्रियेस वीजबचतीचे दोषनिवारण म्हणतात. भारनियमन अनुभवलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने बॅटरीचा एक जादा तास ही काही चैन नव्हे.

== मापन ==
कोणताही बदल करण्यापूर्वी मापन आवश्यक असते. ५० वॅट-तास क्षमतेची बॅटरी १० वॅट खर्चावर पाच तास चालते. खर्च १५ वॅट झाल्यास ती सुमारे तीन तास वीस मिनिटांत संपते. मात्र झिजून तिची क्षमता ३० वॅट-तासच उरली असेल, तर १० वॅट खर्चातही ती तीनच तास पुरते आणि तेथे मांडणीतील कोणताही बदल फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून मूळ क्षमता व सध्याची पूर्ण क्षमता यांची तुलना प्रथम करावी लागते. खर्च मोजण्यासाठी इंटेलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली 'पॉवरटॉप' ही आज्ञावली प्रचलित आहे. चार्जर काढलेला असतानाच हे मापन घ्यावे. तिच्या स्वयंचलित सुधारणा यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाहीत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

== २०११ मधील प्रकरण ==
मार्च २०११ मध्ये आलेल्या कर्नल २.६.३८ नंतर अनेक लॅपटॉपचा वीजखर्च लक्षणीय वाढला. मायकेल लाराबेल यांनी त्याचा माग 'एएसपीएम' या सोयीपर्यंत नेला. पीसीआय एक्सप्रेस जोडणी रिकामी असताना तिला कमी विजेच्या अवस्थेत नेणे हे या सोयीचे काम. काही यंत्रांचे बायॉस ही सोय उपलब्ध नसल्याचे कर्नलला कळवत असे, पण प्रत्यक्षात तिनेच ती काही उपकरणांवर चालू केलेली असे. नवे कर्नल त्या निवेदनावर विश्वास ठेवून सोय सर्वत्र बंद करी. 'पीसीआयई_एएसपीएम=फोर्स' हा पर्याय तात्पुरता उपाय होता; काही यंत्रे त्यामुळे गोठतही. मॅथ्यू गॅरेट यांनी केलेली दुरुस्ती कर्नल ३.३ मध्ये समाविष्ट झाली. तिचे तत्त्व साधे होते: अशा वेळी बायॉसने केलेल्या मांडणीला हात लावू नये.

== परस्परविरोधी सेवा ==
आजची नेहमीची अडचण वेगळी आहे. 'टीएलपी' आणि 'पॉवर-प्रोफाइल्स-डीमन' या दोन सेवा एकाच वेळी चालू राहिल्यास त्या एकाच मांडणीवर हक्क सांगतात, आणि वापरकर्त्याने निवडलेला पर्याय टिकत नाही. दोहोंपैकी एकच ठेवावी लागते. यूएसबी उपकरण आपोआप निजविण्याच्या सोयीमुळे माऊस काही क्षण थिजत असेल, तर त्या उपकरणाला वगळणे पुरते. संपूर्ण वीजबचत बंद करण्याचे कारण नाही. वायफाय वारंवार तुटत असल्यासही फक्त त्याचीच बचत बंद करून पाहावी.

== निद्रावस्था ==
पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये 'एस३' ही गाढ निद्रा असे; तीत मुख्यतः स्मृतीलाच वीज मिळे. अनेक नव्या यंत्रांत तिच्याऐवजी 'एस२आयडल' ही हलकी निद्रा असते. एखादे उपकरण तीत नीट न निजल्यास दप्तरातील लॅपटॉप गरम होतो व सकाळपर्यंत बॅटरी रिकामी आढळते. बायॉसमध्ये गाढ निद्रेचा पर्याय असल्यास तो निवडता येतो. नसल्यास यंत्र पूर्ण बंद करणे किंवा सुप्तावस्थेत नेणे एवढेच मार्ग उरतात. सुप्तावस्थेसाठी डिस्कवर पुरेशी स्वॅप जागा लागते.