लाईट गेली तरी तुमचं गाणं बाकी

हेडफोन लावलेत? मग एक प्रश्न. साल १९५५ नंतरचं, जागा अमेरिकेतलं एखादं हॉटेल. तुम्ही ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं, गाणं निवडलं आणि नेमकी लाईट गेली. रात्रभर अंधार. सकाळी लाईट आली. तुमचं गाणं वाजेल का?

सीबर्गचा व्ही-२०० असेल तर वाजेल. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस याच विषयात अडकलो होतो, म्हणून आजचा भाग त्यावर.

सुरुवात मात्र फारच साधी होती. २३ नोव्हेंबर १८८९. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सलूनमध्ये (तिकडचं सलून म्हणजे दारूचा गुत्ता, केस कापायचं दुकान नाही) लुई ग्लास याने एडिसनच्या फोनोग्राफला नाण्याची फट जोडली. स्पीकर नव्हता. चार नळ्या होत्या, त्या कानाला लावायच्या. म्हणजे हेडफोनच, फक्त रबरी!

पुढची साठेक वर्षं उडी मारू. १९४६ची वुर्लिट्झर १०१५ ही सगळ्यात गाजलेली पेटी. सिनेमात दिसते ती, रंगीत बुडबुड्यांची. तिच्यात गाणी २४. आणि १९४८मध्ये शिकागोच्या सीबर्ग कंपनीने एम१००ए आणली, तिच्यात १००! कशी? रेकॉर्डी उभ्या ठेवल्या, पुस्तकांसारख्या, ५० एका रांगेत. रुळावरून एक छोटी गाडी फिरते, हवी ती रेकॉर्ड ओढून घेते आणि उभीच वाजवते. दोन्ही बाजू वाजतात. आता विचार करा, उभ्या रेकॉर्डची मागची बाजू वाजवायची तर तिला उलटं फिरवावं लागणार. ते हे यंत्र करत होतं, कंप्युटरशिवाय.

पण गाडीला कुठे थांबायचं हे कसं कळायचं? प्रत्येक गाण्याची एक बारीक पिन होती. बटण दाबलं की विद्युतचुंबक ती पिन सरकवायचा, गाडी तिथे आली की थांबायची. शंभर गाणी, शंभर पिना. धूळ, सिगारेटचा धूर, सांडलेली बिअर... एखादी पिन अडकली की झालं, गिऱ्हाईक पेटीला लाथ घालणार.

१९५५च्या व्ही-२००मध्ये गाणी २००, आणि पिना गायब. त्यांच्या जागी टॉरमॅट नावाचा सीलबंद डबा. आत फेराइटची बारीक कडी, गाण्यागणिक एक. तुम्ही अक्षराचं बटण दाबता, मग आकड्याचं. दोन तारांतून करंटचा झटका जातो आणि दोन्ही तारा जिथे मिळतात तेवढ्याच कड्याचं चुंबकत्व उलटतं. चुंबकत्व टिकवायला वीज लागत नाही, म्हणून लाईट गेली तरी गाणं बाकी राहतं. गाडी फिरताना एकेका कड्याला विचारते. कडं उलटलेलं असेल तर वाचतानाच ते पुन्हा मूळ स्थितीला येतं आणि एक बारीक सिग्नल सोडतं. त्यावर थायरेट्रॉन नावाचा व्हॉल्व्ह पेटतो आणि गाडी थांबते. गाणं वाजलं, नोंद पुसली. याच जातीची मेमरी त्या काळच्या मोठ्या कंप्युटरांत होती आणि पुढे अपोलो यानातही गेली. इथे ती पाच-दहा सेंटच्या हिशोबावर बसली होती!

यात एक गंमत आहे. कड्याला फक्त हो किंवा नाही कळतं. म्हणजे दोघांनी एकच गाणं निवडलं तर पैसे दोघांचे, गाणं एकदाच. आणि रांग वगैरे काही नाही, गाडीच्या वाटेत जे आधी येईल ते आधी. मुंबई-पुण्याच्या काही इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्स असायचे. तुमच्या घरात तिथे बसलेलं कुणी असेल तर विचारा, आपल्या गाण्याची वाट बघत किती चहा झाले ते.

आता समजा अशी पेटी आज दुरुस्तीला आली. पहिली चूक म्हणजे उत्साहात प्लग लावणं. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर इतक्या वर्षांत वाळलेले असतात, ते आधी बघायचे. प्लग काढल्यावरही त्यांच्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो, त्यामुळे हे काम जाणकाराचंच. गाडी हलत नसेल तर बहुतेक वेळा मोटर मेलेली नसते, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. त्यावर नवं तेल ओतलं की चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. भाग सुटे करून, धुऊन, नव्याने ग्रीस लावावं लागतं. सोपं आहे, पण कंटाळवाणं. गाडी थांबायचंच नाव न घेता येरझाऱ्या घालत असेल तर सिग्नलची वाट तपासायची: आधी मळलेले कॉन्टॅक्ट, मग थायरेट्रॉन. कॉन्टॅक्टवर पॉलिशपेपर नको, वरचा मुलामा जातो. आणि टॉरमॅटला ओहममीटर लावायचा नाही. मीटर स्वतःचा करंट सोडतो. आपल्याकडे काहीही बिघडलं की आधी मीटर लावायची सवय, ती इथे महागात पडते.

मला खटकतं ते वेगळंच. नाणं टाकणाऱ्याचं गाणं रात्रभर जपणारी ही पेटी, गाणं लिहिणाऱ्याचा हिशोब ठेवतच नव्हती. १९०९च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने, जिथे प्रवेश फी नाही अशा ठिकाणच्या नाण्याच्या यंत्रांना सूट दिली होती. रेकॉर्डमागे गीतकार-संगीतकारांसाठी २ सेंटचा दर होता, पण ती रेकॉर्ड हॉटेलात हजार वेळा वाजली तरी त्याचे पैसे शून्य. पैसे पेटीवाल्याचे आणि हॉटेलवाल्याचे. ही सूट १९७८मध्ये संपली, नवा कायदा लागू झाला तेव्हा. ठरलेली रक्कम होती एका पेटीमागे वर्षाला ८ डॉलर. पेटीत गाणी कितीही असोत आणि ती कितीही वेळा वाजोत.