शक्तिमानच्या आधी चिमणराव

रोडपालीतल्या आमच्या सोसायटीत परवा पोरांशी वाद झाला. सुपरहिरो आपल्या टीव्हीवर आला कुठून? पोरं म्हणाली, मार्व्हलमधून. म्हटलं, थांबा, जरा मागे जाऊ.

चिं. वि. जोशी हे बडोद्यात पालीचे प्राध्यापक. आपली रोडपाली नव्हे हो, पाली भाषा! त्यांनी दोन माणसं लिहिली : भित्रा कारकून चिमणराव आणि दांडगा गुंड्याभाऊ. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत पोचवली. तेव्हा टीव्ही कृष्णधवल होता.

मग १९९७ला ‘शक्तिमान’ आला. आता भित्रा आणि दांडगा एकाच अंगात! मुकेश खन्नांचा गंगाधर चष्मा सावरत घोळ घालायचा, आणि गिरकी घेतली की शक्तिमान. ही युक्ती १९३८च्या सुपरमॅनची, कबूल. पण आमच्या घरची मोठी माणसं शक्तिमानपेक्षा गंगाधरवर खूश असायची. त्यांना त्यात चिमणराव दिसायचा.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. आजच्या सुपरहिरोंकडे शक्ती भरपूर, विनोदही भरपूर. पण घरी ज्याची फजिती होते असा माणूस सापडत नाही. म्हणून सिनेमा संपला की तो विसरायला होतो.

आज घरी विचारा, चिमणराव कोण होता? काय उत्तर मिळालं, ते मला कळवा.