कुराणातील सुसंगती

कुराणाच्या ११४ सुरा (अध्याय) अवतरणाच्या कालक्रमाने लावलेल्या नाहीत. एकाच सुरेत कथा, कायदा आणि उपदेश लागोपाठ येतात. त्यांना जोडणारे सूत्र आहे का, हा वाद जुना आहे. फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांनी आपल्या भाष्यात आयतींमधले (वचनांमधले) संबंध दाखवले. बिकाई (मृत्यू १४८०) यांनी तर ‘नज्मुद्दुरर’ हे अख्खे भाष्यच त्यासाठी रचले. येमेनी विद्वान शौकानी (मृत्यू १८३४) यांना हा खटाटोप व्यर्थ वाटला: वर्षानुवर्षे, प्रसंगाप्रसंगाने उतरलेल्या वचनांत जोड शोधायचीच कशाला?

तरीही सुसंगतीच्या विचाराला शिस्तशीर पद्धतीचे रूप दिले ते आझमगढकडील हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) यांनी. प्रत्येक सुरेला एक मध्यवर्ती आशय, म्हणजे ‘अमूद’ (खांब), असतो असे ते मानत. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही (१९०४–९७) यांनी ‘तदब्बुरे कुरआन’ या उर्दू भाष्यात सुरांच्या जोड्या आणि सात गट मांडले. काही जोड्या ओढूनताणून जुळवलेल्या वाटतात; तरी सुरा एकसंध वाचण्याची दृष्टी त्यामुळे बळावली.

युरोपात रिचर्ड बेल यांनी आपल्या भाषांतरात (१९३७–३९) सुरांचे तुकडे सुटे करून दाखवले. याउलट आंगेलिका नॉयविर्थ यांनी १९८१ मध्ये मक्काकालीन सुरांची रचना जाणीवपूर्वक बांधलेली असल्याचे प्रतिपादन केले.