काढलेली गाठ टाकू नका

खानोलकर हे आडनाव आपल्याच वेंगुर्ला तालुक्यातल्या खानोलीचं. डॉ. वसंत रामजी खानोलकरांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. कसून बांधलेल्या धोतराच्या काचण्याने कमरेला होणारा कातडीचा कॅन्सर १९४५ साली त्यांनीच जगापुढे मांडला.

आज रेडीत मी लोकांकडून ऐकतो, "बारीक गाठ होती, काढून टाकली." तपासली का? नाही! घामाच्या ग्रंथीची गाठ अशीच फसवी. बहुतेकदा दुखत नाही, सावकाश वाढते, चरबीची वाटते. साधी की कॅन्सरची, हे सूक्ष्मदर्शकाखालीच पक्कं कळतं. म्हणून रेडीकरांनो, गाठ काढलीत तर डॉक्टरांना सांगून ती फॉर्मेलिनमध्ये तपासणीला पाठवा. रिपोर्ट जपून ठेवा.